हल्मोनींनी मांडलेलं पान

उत्तरा देवस्थळी अमरावतीहून अमेरिकेत गेली ती कॉम्प्युटर शिकायला, आणि पहिल्या वर्षात शिकली काय, तर कोबीचं लोणचं घालायला. हे तिचे वडीलच गावभर सांगत सुटले होते. गुरुदत्त देवस्थळी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मुलीची थट्टा करताना त्यांच्या आवाजातला अभिमान काही लपत नसे. दर आठवड्याला तिचं पत्र आलं की ते शाळेचा जुना नकाशा जमिनीवर पसरून बसायचे, आणि कोरिया कुठे आहे हे घरच्यांना पुन्हा एकदा दाखवायचे.

सगळं सुरू झालं ते त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात. सांता क्लारात येऊन उत्तराला जेमतेम महिना झाला होता. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर युंजू हान नावाची मुलगी बसायची. नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली, इंग्रजी तिथल्या पोरांसारखं फाडफाड बोलणारी. रोज कोरडा ब्रेड खाणाऱ्या उत्तराची तिला दया आली असावी. एका शनिवारी तिने उत्तराला सरळ घरी नेलं. एल कमीनो रस्त्यावर हानांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. दारात युंजू म्हणाली, "बूट इथेच काढ हं." एवढ्यावरच उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. बुटांनिशी गालिच्यावर फिरणाऱ्या लोकांत महिना काढल्यावर माणसाला कशानेही गहिवरून येतं.

आत जमिनीवर बैठकीचं बुटकं टेबल होतं आणि टेबलाशी युंजूची आजी. कोरियात आजीला हल्मोनी म्हणतात, म्हणून उत्तराही हल्मोनीच म्हणू लागली. हल्मोनींना इंग्रजीचे चारच शब्द यायचे, त्यांतले तीन दुकानातले. त्यांनी उत्तराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भाताची वाटी तिच्यापुढे सरकवली. वाटी उजव्या हाताने, आणि डावा हात उजव्या मनगटाशी टेकवलेला. मोठ्यांना काही द्यायचं ते असं, हे उत्तरा त्या दिवशी शिकली. लहानांसाठी असं करायची गरज नसते, तरी पहिल्या दिवशी पाहुणीला हल्मोनींनी तेवढा मान दिला होता.

मग शनिवार ठरूनच गेला. किमची म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं, ते उत्तरा दोन महिने आवडीने खात होती. एक दिवस युंजूने हसत हसत सांगितलं, "यात वाळवलेली कोळंबी असते, माहितीये ना?" देवस्थळ्यांच्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नव्हतं. उत्तरा मोरीकडे धावली. हल्मोनींनी आधी नातीला झापलं, मग त्याच आठवड्यात कोळंबी वगळून वेगळी बरणी घातली. उत्तरालाच मिरची कालवायला बसवलं, कोपरापर्यंत हात लाल करून. अशी पचपचीत किमची खाणाऱ्या बाईचं लग्न कसं व्हायचं, असंही त्या म्हणाल्या. युंजूने ते भाषांतर करायचं टाळलं, पण उत्तराला बरोबर कळलं.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष आलं. त्या सकाळी टेबलावर भात, सूप, मासे, फळं मांडली गेली, आणि एका वाटीत चमचा उभा खोवला. ती वाटी हल्मोनींच्या नवऱ्याची. जेवायला बसणाऱ्या माणसाच्या भातात चमचा असा कधीच खोवायचा नाही, तो मान गेलेल्यांचा. सगळ्यांनी दोनदा गुडघे टेकून नमस्कार केला. उत्तराला काहीच परकं वाटलं नाही. आपण पान वाढून बाजूला ठेवतो, हे समोर ठेवतात, एवढाच फरक.

"आणि तुमच्या आईची वाटी?" तिने हल्मोनींना सहज विचारलं.

युंजूने ते चाचरतच कोरियनमध्ये सांगितलं. हल्मोनींनी मात्र उत्तर दिलं. पन्नास सालच्या थंडीत लढाई अंगावर आली तेव्हा त्या बारा वर्षांच्या मुलाचा हात धरून दक्षिणेकडे निघाल्या. आई मागे राहिली, उत्तरेत. मग मधे सरहद्द पडली. त्याला चौतीस वर्षं होत आली. पत्र नाही, निरोप नाही.

उत्तरा म्हणाली, "आमच्याकडे त्यासाठी एक दिवस असतो. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी. सर्वपित्री अमावस्या."

हल्मोनी म्हणाल्या, "तिथीचं काय घेऊन बसलीस! ती गेली की आहे, तेच मला माहीत नाही. जिवंत आईचं पान तिथे कसं मांडू?"

हे सगळं उत्तराने वडिलांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, 'आजीबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. पंचांग पाहिलं. त्यांचा पितरांचा सण, ते चुसॉक, आपल्या भाद्रपदी पौर्णिमेलाच येतो. दुसऱ्या दिवसापासून आपला पितृपक्ष. म्हणजे जेवायची आमंत्रणं तिकडच्या आणि इकडच्या पितरांना एकदमच जातात.'

आता पुढचं सांगायचं ते जिवावर येतं. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आदल्या दिवशी, गुरुदत्त देवस्थळी हृदयविकाराने गेले. उत्तराला ते कुणी कळवलं नाही. सतरा सप्टेंबरला तिची पीएच.डी.ची मोठी परीक्षा होती. आपल्याकडे वाईट बातमी वेळापत्रक बघून सांगायची पद्धत आहे. मुलीचा पेपर, भाच्याचं लग्न, म्हातारीचं ब्लडप्रेशर, सगळं उरकलं की मगच मेलेला माणूस मरतो. थोरला भाऊ श्रीरंग याने सनीवेलला राजारामकाकांना ट्रंक कॉल करून सांगितलं, परीक्षेपर्यंत तिला कळू देऊ नका. राजारामकाका म्हणजे त्यांच्या नात्यातले इंजिनिअर, तिकडे जाऊन पंधरा वर्षं झालेले. त्यांनी मूग गिळले. त्यांची बायको पद्मजाकाकू मुळा, कोबी आणायला हानांच्या दुकानात जायच्या. त्यांनी युंजूला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "शी हॅज अ बिग एक्झाम. जरा लक्ष ठेव तिच्यावर. पण प्लीज, नॉट अ वर्ड!"

झालं. उत्तराला सोडून सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसांत तिने केस कापून घेतले. युंजूबरोबर सिनेमा पाहिला, पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसली. वडिलांना दोन लांबलचक पत्रं टाकली. युंजू तिच्याकडे बघायची आणि काहीतरी निमित्त काढून उठून जायची.

युंजूने घरी सगळं सांगितलं होतं, पण त्या घरात एकट्या हल्मोनींना हे मान्य नव्हतं. त्या मुलाशी भांडल्या. मुलगा म्हणाला, "आई, त्यांच्या घरचा मामला आहे. आपण बोलायचं नाही." हल्मोनी म्हणाल्या, "बरं. बोलत नाही."

दहा सप्टेंबर, सोमवार, चुसॉकची सकाळ. उत्तरा आठलाच पोचली, येताना नासपतीची पिशवी घेऊन. टेबल नेहमीसारखं मांडलेलं होतं, मासे, मांस, नव्या तांदळाचा भात. पण त्याच्या शेजारी आज एक छोटा पाट होता. त्यावर भाताची एकच वाटी, चमचा खोवलेला. पालकाची भाजी, मुळ्याची भाजी, फळं आणि बिनकोळंबीची किमची. मासे मुद्दाम दूर सरकवलेले.

"हे कुणाचं?" उत्तराने विचारलं.

युंजूचे वडील भिंतीकडे बघत राहिले. युंजूने तोंडावर हात घेतला. उत्तरा पाटाकडे पाहत होती. त्या घरात मासे न खाणारं कुणीच नव्हतं, जिवंतही नाही आणि गेलेलंही नाही. ती खाली बसली नाही, कोसळली.

"बाबा? कधी?" तिने विचारलं.

युंजूने तारीख सांगितली. उत्तरा बोटांवर दिवस मोजू लागली. मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुन्हा तेच आले. आज तेरावा. अमरावतीला तर तो केव्हाच उरकलाही असणार.

हल्मोनी पुढे आल्या. युंजूला म्हणाल्या, "नीट सांग तिला, एकही शब्द गाळू नकोस. मी चौतीस वर्षं वाट बघतेय, कुणीतरी येऊन मला तारीख सांगेल म्हणून. हिची तारीख लोकांना माहीत होती आणि त्यांनी ती खिशात ठेवली. परीक्षा पुढच्या वर्षीही येते." एवढं बोलून त्या उत्तराशेजारी बसल्या. तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. नमस्कार कसा करायचा तेवढं हाताला धरून दाखवलं, आणि तिच्याबरोबर स्वतःही वाकल्या. पासष्ट वर्षांची ती बाई, न पाहिलेल्या अमरावतीच्या मास्तरांपुढे दोनदा गुडघ्यांवर गेली. उत्तरा दुसऱ्यांदा वाकली ती बराच वेळ उठलीच नाही.

दुकानातल्या फोनवरून ऑपरेटरमार्फत कॉल लागायला तास गेला. देवस्थळ्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या लतामावशींकडे होता. श्रीरंग धापा टाकत आला.

"अगं उत्तरे! काय, अभ्यास काय म्हणतोय? एवढा खर्च कशाला करतेस फोनचा? सगळे मजेत आहेत. बाबा आताच झोपले."

"दादा, तेरावा नीट झाला का?"

पलीकडे श्रीरंग लहान मुलासारखा रडायला लागला. उत्तराने तो रडून होईपर्यंत वाट पाहिली.

"राजारामकाकांनी सांगितलं?"

"नाही. इथे बाबांचं पान वाढलं होतं." मग तिचा संताप एकदम बाहेर पडला. "कुणी ठरवलं हे? तू? मी तेरा दिवस खिदळत होते, दादा! लोक माझ्याकडे बघत होते! आईला तरी काही वाटलं नाही का?"

"आईला बोलू नकोस," श्रीरंग म्हणाला. "बाबांनीच सांगितलं. दवाखान्यात दोन दिवस होते ते. शुद्धीवर होते. म्हणाले, तिचा पेपर झाल्याशिवाय तिला कळवाल तर याद राखा."

"आणि मग? मग काय म्हणाले?"

"त्यानंतर नाही काही बोलले."

उत्तराने फोन ठेवला. इतका वेळ जमवलेला राग आता कुणावर काढायचा, ते तिला कळेना. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, युंजूची आई त्याला तांदूळ मोजून देत होती.

सतरा तारखेला तिने परीक्षा दिली. हल्मोनींनी पुढच्या वर्षीचं सांगितलं होतं, पण वडिलांचं शेवटचं बोलणं मोडायला तिचं मन होईना. ती पास झाली, आणि चांगली झाली. निकाल कळला त्या संध्याकाळी ती घरी पत्र लिहायला बसली. आजवरची सगळी पत्रं वडिलांच्या नावाने जायची, हे पहिलंच आईच्या नावाने. लहानपणापासून शाळेत घोटवून घेतलेला मायना हाताने आपोआप लिहिला, 'ती. सौ. आईस'. त्या 'सौ.'कडे ती बघत राहिली. मग तिने तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.