फळीला खेटून उभी माणसं

भूतानमध्ये थिंफूत दुपारी तिरंदाजीचा सामना बघत होतो. तिरंदाजापासून दीडशे मीटरवर, मी बसलो होतो त्या टोकाला, हातभर रुंदीची लाकडी फळी होती आणि तिला अगदी खेटून विरुद्ध संघाची माणसं नाचत होती, नेम धरणाऱ्याला शिव्या देत होती. बाण सणसणत आला आणि एका म्हाताऱ्याचा कान फाडून मातीत रुतला. रक्त मानेवरून ओघळलं. मी किंचाळलो. म्हातारा मात्र कान दाबून गरजला, "आंधळ्या, फळी इकडे आहे!"

"बाजूला होऊन ओरडा की!" मी चिडून म्हणालो.

"शिवी द्यायची तर बाणासमोर उभं राहूनच द्यायची," तो रक्त पुसत म्हणाला.

ऑफिसातल्या एकाची मी वर्षभर सालटी काढली होती, दर वेळी तो खोलीबाहेर गेल्यावर.