यादीत नसलेला फोन

ही गोष्ट माझ्या वहीत आहे, पण ती वही मी बायकोलाही दाखवलेली नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते नक्की माहीत नाही.

डोणगावात मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. आमच्या मागच्या खोलीत सलीमभाई भाड्यानं राहायचे. सोबत बायको आणि दहावीतली मुलगी. ते एका कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या थैल्या उतरवायचे. जाड भिंतीमुळे मागे नेट पोचत नव्हतं, मुलीचा अभ्यास अडत होता. म्हणून मी दुसरा राउटर आणला, पहिल्यापासून वायर ओढली आणि तो त्यांच्या खिडकीत बसवला. मी स्वतः — हे लक्षात असू द्या.

आदल्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. आता परवानगी नसलेलं बियाणं, ज्याला इकडे चोरबीटी म्हणतात, दुकानांतून गुपचूप विकलं जात होतं. सलीमभाईंच्याच दुकानाची बातमी मी लिहिली. ती छापून यायच्या आदल्या दिवशी तिथला माल गायब झाला. बातमी फोडली कोणी?

मी पहिल्या राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. माझा फोन, बायकोचा, लॅपटॉप — आणि एक बिननावाचं काहीतरी, नुसता लांबलचक क्रमांक. सलीमभाईंचा फोन मात्र कुठंच नाही. मला वाटलं, यांनी आपला फोन लपवलाय आणि याच वाटेनं माझ्या लॅपटॉपमध्ये शिरलेत. क्रमांक वहीत उतरवला. पुरावा म्हणून.

त्यांना विचारलं, “तुमचा फोन यादीत काऊन दिसत नाही?”

ते हसले. “राशनच्या यादीतबी माह्यं नाव नाही, भाऊ. तिथं मी काय लपवलं?” मग हसू गेलं. “मले त्या डब्यातलं काय समजते? तुमीच लावला.”

हे उत्तर मला सराईत वाटलं. आठ दिवसांत खोली रिकामी करून घेतली. तेवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही. का काढलं, ते मी चहाच्या टपरीवर सांगितलं. मग गावात त्यांना दुसरी खोली मिळाली नाही. मुलीची शाळा अर्ध्यात सुटली. ते सुलतानपूरला गेले.

तीन वर्षांनी घराला रंग द्यायचा म्हणून तो राउटर खिडकीतून काढला. खाली चिकटवलेल्या कागदावर तोच क्रमांक होता. वहीशी तीनदा ताडून पाहिला. बिननावाचं उपकरण म्हणजे हाच डबा. त्याच्यामागचे फोन पहिल्या राउटरला दिसणारच नव्हते. यादीत एकटा तो दिसणार होता. बातमी कोणी फोडली, ते मला आजही माहीत नाही.

बातमीत कुणाच्या नावाची वेलांटी चुकली तरी मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आणत असे. इथं गप्प राहिलो. मागच्या खोलीत सलीमभाईंऐवजी माझ्या नात्यातलं कुणी राहत असतं, तर मी आधी डब्याखालचा क्रमांक पाहिला नसता का?

गेल्या वर्षी ते मेहकरच्या बसस्टँडवर भेटले. मुलीचं लग्न झालं म्हणाले. दहावी राहूनच गेली. मग विचारलं, “मागच्या खोलीत नेट पोचते का आता, भाऊ?”

“हाव,” मी म्हटलं.

त्यांनी सहज विचारलं की टोमणा मारला — घरी पोचेपर्यंत मी हेच तपासत होतो. वही तेव्हा माझ्या पिशवीतच होती.