घरी जा म्हणाले

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर आहे. पण लहान, अगदी सावकाश वाढणारा. ऑपरेशन करता येईल किंवा मशीननं किरणांचा शेक देता येईल, पण दोन्हींत लघवीवरचा ताबा जायची भीती. तिसरा मार्ग म्हणजे सध्या काहीच न करता दर काही महिन्यांनी रक्त तपासत राहणं. "यांच्या वयाला मी हाच सुचवेन," ते म्हणाले. "घरी जा, शेती बघा."

मला हायसं वाटलं. आईनं मात्र तोंडाला पदर लावला. "डॉक्टरसाहेब, निदान एक सलाईन तरी लावा."

आमच्या राजूरकडे डॉक्टरनं घरी पाठवलं की त्याचा अर्थ एकच: आता सेवा करा. हे मलाही ठाऊक होतं, तरी मी मूर्खासारखा खुशीत गाडी चालवत होतो.

मग माणसं केळी घेऊन भेटायला यायला लागली. धावड्याची आत्या आबांच्या पायाशी बसून रडली. "दादा, डॉक्टरनं हात टेकले म्हने."

"न्हाई टेकले, आत्या! गरज न्हाई म्हणून औषध दिलं न्हाई."

"लेकरा, कॅन्सरला औषधाची गरज न्हाई?" तिनं माझ्याकडं कीव करून पाहिलं.

पालथ्या घड्यावर पाणी. मी सगळ्यांवर खेकसलो, तर लोक म्हणाले, पोराला धक्का बसलाय.

एका सकाळी आबा मला शेतात घेऊन गेले. विहिरीपासून जमिनीखालून पाइपलाइन कुठून गेली, कुठं वळली, जोड कुठं आहे, ते काठी टेकवत दाखवत सुटले. "ध्यानात ठेव. हे कोनालाच ठावं न्हाई."

"आबा, तुम्हीच आहात की!"

"हाव, हाव," ते म्हणाले आणि पुढच्या जोडाकडं निघाले. मला बांधावरच रडू आलं. मला सगळं कळत होतं आणि एक अक्षर पटवता येत नव्हतं.

पुढच्या तपासणीत रक्ताचा आकडा जिथल्या तिथं निघाला. डॉक्टर खूश झाले. मी आबांचा हात धरून म्हणालो, "बराबर चाललंय, आबा. बिलकुल काही करायची गरज न्हाई."

त्यांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आजबी काही केलं न्हाई ना? जाऊ दे. तू तुझ्याकडून लई केलं."