खालाच्या विहिरीचं पाणी

आज कॉलेजच्या लॅबमध्ये मी चक्क नाचले. त्याची अजून लाज वाटतेय.

मी केमिस्ट्री ऑनर्सला आहे. माझं संशोधन विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर. आतापर्यंत सगळं पाणी चांगलंच निघालं, त्यामुळे लिहायला काही नव्हतं. आज राजुरी गावच्या बाटलीतलं पाणी चाचणीत गडद गुलाबी झालं, म्हणजे नायट्रेट जास्त, पाणी खराब. मी नाचत ओरडलेच, "आला रिझल्ट!"

शेजारी सलमा होती. ती हिस्ट्रीची, जुन्या विहिरींवर काम करते, म्हणून पाण्याचे नमुने मला तीच आणून देते. हळूच म्हणाली, "अगं, ही माझ्या खालाची, मावशीची विहीर. घरात तान्हं बाळ आहे."

असं पाणी तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. मी लगेच खालाला फोन करून पाणी पिऊ नका म्हटलं. ती म्हणाली,

"बरं केलं सांगितलं. पन तुझं काम झालं ना, बेटा?"

मी "हो" म्हणाले. तुम्ही असता तर काय म्हणाला असता?