कडेवरचा ओरखडा

आर्लिस शाळेची बस चालवायची, पण मोंटानातल्या त्या खोऱ्यात तिचं नाव होतं ते काडतुसांसाठी. नवरा हॅल्वर गेल्यावर तळघरातलं त्याचं काडतुसं भरायचं दाबयंत्र तिनं विकलं नाही. उलट हात असा बसवला, की कुणी दुकानातली काडतुसं घेताना दिसला तर लोक विचारायचे, "का रे, आर्लिसशी भांडलास का?"

तिचा एक नियम कडक होता. प्रत्येक रायफलीच्या रिकाम्या पुंगळ्या वेगळ्या कॉफीच्या डब्यात. बार उडताना पितळी पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या घराचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेते. मग नुसती मान दाबून नवी दारू आणि गोळी भरली, की ती त्याच घरात अलगद बसते. दुसऱ्या रायफलीसाठी भरायची तर सगळं अंग दाबावं लागतं. म्हणजे साचा बदला, एकेका पुंगळीला तेल लावा, पुन्हा पुसा. "बुटासारखं आहे ते," ती सांगायची. "एकाच्या पायाला बसलेला दुसऱ्याला चावणारच."

यंदा तिनंच तो नियम मोडला, आणि तोही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

उन्हाळ्यात लेक सिग्ने आणि दीर ओरिन खडीच्या खाणीत नेमाचा सराव करायला गेले होते. रायफली एकाच मापाच्या. दोघांच्या पुंगळ्या ओरिनच्या टोपीत गोळा झाल्या आणि टोपीसकट तळघरात आल्या. ओरिनची रायफल पुंगळी बाहेर ओढताना तिच्या बुडाच्या कडेवर ओरखडा काढते. त्यावरून आर्लिसनं त्याच्या पुंगळ्या वेचून बाजूला केल्या. पण सिग्नेसाठी शेवटची वीस काडतुसं भरताना दोन कडा तिच्या बोटाला खरखरल्या. सिग्ने पहिल्यांदाच एकटी डोंगरात जाणार होती. आर्लिसच्या डोक्यात अस्वलं, बर्फ, वर न लागणारा फोन, हेच चाललं होतं. साचा बदलायचा तिला कंटाळा आला. एवढ्यानं काय होतंय, म्हणत तिनं त्या दोन पुंगळ्याही नुसती मान दाबूनच भरल्या. एरवी ती प्रत्येक काडतूस रायफलीत घालून बघायची, पण रायफल सिग्नेच्या गाडीत होती.

शनिवारी दुपारी सिग्नेनं खाली रस्त्यावर येऊन फोन केला. "आई, मला ती सापडत नाहीये. तू ये ना."

एल्क जातीच्या मोठ्या हरणाच्या मादीला पहिली गोळी लागली होती, पण जरा मागे, पोटाकडे. दुसरं काडतूस अर्ध्यातच अडकलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे जाईना की मागे येईना. तळव्यानं ठोकून ठोकून सिग्नेनं ते काढेपर्यंत मादी झाडीत शिरली होती. दोघींनी रक्ताचे थेंब शोधत अंधार पडेपर्यंत डोंगर पालथा घातला. रविवारी पुन्हा गेल्या. ओढ्यापलीकडे थेंब संपले. दुपारी त्या परत फिरल्या.

"मीच मूर्ख," गाडीत सिग्ने म्हणाली. "घाबरून बोल्ट वेडावाकडा मारला असणार. बाबांनी चांगलं फैलावर घेतलं असतं मला."

आर्लिसनं तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "हीटर वाढवू का?"

त्या घरात हॅल्वरनं घालून दिलेला एक दंडक होता. जनावर जखमी होऊन हरवलं, तर ती आपली शिकार झाली असं धरायचं. परवान्याच्या चिठ्ठीच्या कडेला छापलेल्या तारखांपैकी त्या दिवसाची तारीख कापायची, म्हणजे त्या वर्षीची शिकार संपली. कायद्याचं असं काही म्हणणं नव्हतं. हॅल्वरचं होतं. सिग्नेनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि चाकू उघडला. घरचं हिवाळ्याचं मांस त्या चिठ्ठीवर होतं.

"थांब जरा," आर्लिस म्हणाली. "ते अडकलेलं काडतूस दे. आणि खाली चल."

तळघरात तिनं काडतुसाला काळ्या शाईच्या पेननं सगळीकडून रंगवलं. बोल्टमधली बार उडवणारी सुई काढली, काडतूस हलकेच आत सरकवलं आणि बाहेर घेतलं. गोळीवरची शाई शाबूत होती, मानेवरचीही. बुडाच्या जरा वर मात्र शाई घासून पितळ चकाकत होतं.

"बघ, इथे अंगातच जाड आहे," ती म्हणाली. "तू कसाही बोल्ट मारला असतास तरी हे गेलं नसतं." मग तिनं लेकीचं बोट धरून कडेवरून फिरवलं. "काय लागतंय?"

"ओरखडा." सिग्नेनं काडतूस उजेडात धरलं. "ओरिनकाकाची पुंगळी आहे ही. म्हणजे तुझ्या नजरेतून सुटली?"

हो म्हटलं असतं तर तिथेच भागलं असतं. आर्लिसनं काडतूस खाली ठेवलं.

"सुटली नाही. भरतानाच हाताला लागली होती."

"आणि कालपासून मी स्वतःला शिव्या घालतेय, तेव्हाही तुला माहीत होतं?"

"हो."

"त्या ओढ्यात मी रडले, तेव्हा?"

"तेव्हाही."

सिग्ने वर गेली. तिनं आदळआपट करावी, काहीतरी फेकावं, असं आर्लिसला वाटत राहिलं. वरून काहीच आवाज येईना, तेव्हा ती जिना चढली. सिग्नेनं आपली तारीख कापून टाकली होती.

"तुझं नको होतं गं कापायला."

"गोळी मी मारली, आई. मागे लागली ती माझीच."

आर्लिसनं खुंटीवरच्या कोटातून स्वतःची कोरी चिठ्ठी काढली आणि टेबलावर सपाट केली. डोळ्यांना तारखा नीट दिसेनात.  तिच्याकडे न बघता सिग्नेनं चाकू तिच्यापुढे सरकवला.

"शनिवारची काप," ती म्हणाली. "आजची नको."