बाईंचं ‘काहून’

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे सांगायची बाईंना कधी लाज वाटली नाही. संत्र्याच्या व्यापारातली माणसं पोटातूनच सगळं शिकून आलेली असतात. त्यांच्यात ही बाई, नवऱ्यामागं पेढी चालवणारी, भर बाजारात हमालाला विचारायची, “पेटी अशी काहून बांधता गा?” लोक हसायचे. वर्षभरानं बाईंच्या पेट्या कलकत्त्याला न फुटता पोचू लागल्या, तेव्हा हसणं थांबलं.

चाळिशीत त्या मोटार शिकल्या, मग टायपिंग. “ज्याचं शिकणं सरलं, त्याचं दुकान उठलं,” असं सगळ्यांना ऐकवायच्या.

मी त्यांच्याकडे बागांचा अंदाज करायचो. झाडावरचं फळ पाहून बागेतून किती संत्री निघतील ते सांगायचं; त्यावर बाई बाग घ्यायच्या. माझ्या वडिलांनी हेच केलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण बागेत माझा शब्द शेवटचा असे.

एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी बाईंनी धंतोलीतल्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला. पन्नाशी उलटलेली बाई रोज सकाळी क्लासला जाऊन कॉलेजच्या पोरांशेजारी बसायची. त्या यंत्राला अंदाज शिकवायचा, असं त्यांच्या मनात होतं. एक दिवस वही घेऊन त्या माझ्यामागे सावनेरच्या बागेत आल्या.

“हे झाड सोडून काहून दिलं, भाऊ?”

“विहिरीजवळचं आहे, बाई. पान लय, फळ कमी. नजर फसते.”

“किती फसते?”

किती, ते मला कोणी विचारलंच नव्हतं. मी झाडाखाली बसून वर बघायचो, तर त्याही शेजारी चिखलात बसायच्या. खरं सांगतो, इतकं कान देऊन माझं कोणीच ऐकलं नव्हतं, बायकोनंही नाही. मी फुगलो आणि सांगत सुटलो.

पहिल्या वर्षी यंत्र सपशेल आपटलं. मी मनात हसलो. बाई म्हणाल्या, “कुठं चुकलं, ते सांगा,” आणि मी शहाण्यानं दिवसभर बसून एकेक चूक काढून दिली. तिसऱ्या वर्षी ऑफिसातली दोन पोरं कागद घेऊन बागेतली झाडं पाहून आली आणि आकडे यंत्रात घातले. माझ्या अंदाजाची वाट कोणी पाहिली नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून मी दारात उभा राहिलो. “बाई, मलेही हे शिकवा.”

बाईंनी मायेनं पाहिलं. त्या मायेचाच मला राग आहे. “तुम्हाले कशाले त्रास, भाऊ? तुमचं तर शिकून झालं.”

पोट काय, जरीपटक्याच्या बाजारात फळांची गाडी लावूनही भरतं, माझं भरलंच. पण हमालापुढेही शिष्य होणाऱ्या बाईंना, मीही शिकू शकेन असं एकदाही वाटलं नाही. हे मला आजही सलतं.

त्या वर्षी माझं काम सुटलं; निरोपाला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. मी पायऱ्या उतरत होतो, तर बाई मागून आल्या.

“भाऊ, एक राहिलं. फळगळ होणार, हे तुम्हाले आधीच कसं समजते?”

तेवढं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. वडिलांनी ते फक्त मला सांगितलं होतं. माहीत नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण बाई पायरीवर उभ्या होत्या, त्याच जुन्या उत्सुकतेनं. देठ कसा पाहायचा, ते मी सांगितलं. त्यांना नीट समजलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.