लातूरची आगबोट

परवा एक आर्किटेक्ट पोरगी आमच्या वाचनालयाचे फोटो काढून गेली. म्हणाली, ही इमारत आर्ट डेको शैलीतली. म्हटलं, असेल बाई. आम्ही तिला आगबोटच म्हणत आलो. गोल वळलेला कोपरा, एकावर एक तीन सज्जे, जिन्याला गोल खिडक्या. लातूरच्या कडेला, जिथं नळाला पाणी यायची मारामार, तिथं कुणा हौशी माणसानं ही बोट उभी केली. माझे वडील तिथं ग्रंथपाल होते.

किल्लारीच्या भूकंपात बोटीला साधा तडा गेला नाही. इंजिनिअरनंही सांगितलं, पक्की आहे. पण स्लॅबखाली बसायला कोण तयार? सगळी वस्ती अंगणात पत्रे टाकून झोपत होती, आम्हीसुद्धा. वाचक वाचनालयासमोरच्या कडुलिंबाखाली बसायचे आणि वडील एकटे आत, खिडकीतून त्यांना पेपर द्यायचे. तिथंच त्यांचं चुकलं. शिवाय बाहेर बाकडी टाकली, पाण्याचा माठ ठेवला. मग आत यायची गरज कुणाला उरली?

शेवटी वाचनालयाच्या कमिटीनं विषय काढलाच. माणसं आत येत नसतील तर ही पाडून पत्र्याचं शेड घालू. माझं डोकंच फिरलं. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, "एकदा पाडली की अशी पुन्हा कोण बांधतंय?" आणि ताटावरून उठले.

बैठक भरली तीही लिंबाखालीच; वडील नेहमीसारखे आत, खिडकीजवळच्या टेबलाशी. आई वडिलांचा डबा घेऊन आली, मी बरोबर. डबा ती रोज पायरीवर ठेवायची, आत पाऊल टाकायची नाही. कमिटीतला एक जण हसत म्हणाला, "ग्रंथपालाच्या घरचीच आत जाईना, अन् हे आम्हाला काय सांगायलेत?"

आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाकड्यावर सरकून बसला. मग तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि तरातरा आत गेली. वडिलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"काय बघायलात? वाचा की पेपर. मोठ्यानं वाचा."

वडील वाचू लागले. तुरीचा भाव, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा, परत तुरीचा भाव. आई समोर बघत ताठ बसलेली. जरा वेळानं घड्याळं दुरुस्त करणारे चाचा दारात आले. "भाभी बैठे तो हमना कायकू डरना," म्हणत तेही टेबलाशी बसले. मग एकेक करत बाकडी रिकामी झाली. शेडचा विषय मागं पडला तो पडलाच.

आता त्या टेबलांवर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी दिवसभर मान खाली घालून बसतात. वर स्लॅब आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

आर्किटेक्ट पोरगी गेली तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "त्या दिवशी तू लई धीराची निघालीस."

"मी कसली धीराची? टेबलाखाली त्यांचा हात धरला म्हणून बसले." हातातली शेंग तिनं तशीच ठेवली. "तर त्यांचाच हात गार पडलेला. लटलट कापत होता. रोज एकटे असेच बसत असतील का गं तिथं?"